वाळूचा फाय कसा काढायचा आणि त्यातला कोणता वापरायचा

सॉइल रिपोर्टमध्ये वाळूसमोर नुसतं ‘फाय = ३८ अंश’ लिहिलेलं असेल, तर तो आकडा अर्धवट आहे. फाय म्हणजे वाळूच्या अंतर्गत घर्षणाचा कोन. किती घनतेला काढला, किती दाबाखाली काढला, आणि आलेखावरचा शिखराचा घेतला की शेवटचा, हे सोबत नसेल तर त्यावर भिंत उभी करता येत नाही. एकाच वाळूचा फाय ३३ ही येतो आणि ४३ ही, आणि दोन्ही बरोबर असतात.

कूलॉमने १७७६ मध्ये दिलेला विचार आपण पहिल्या वर्षापासून घोकतो: वाळूची शियर ताकद, म्हणजे कापलं जाण्याला होणारा विरोध, ही उभा दाब गुणिले टॅन फाय. त्यातून समज असा होतो की फाय हा वाळूचा जन्मजात गुण आहे, तिच्या विशिष्ट गुरुत्वासारखा. प्रत्यक्षात त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. कणाच्या पृष्ठभागाचं घर्षण, कणांचा आकार आणि त्यांचं एकमेकांत अडकणं, आणि कापलं जाताना वाळूचं फुगणं. यातलं फुगणं घनतेवर आणि दाबावर अवलंबून असतं, म्हणून फाय हलतो. कॉलेजच्या किंवा साइटच्या साध्या शियर बॉक्सवर या तिन्ही गोष्टी सुट्या करून कशा बघायच्या, ते पुढे क्रमाने सांगतो. मशीन नेहमीचंच घ्या, ६० बाय ६० मिलिमीटरच्या पेटीचं: पेटीचे वरचा आणि खालचा असे दोन अर्धे, वरून दाब देऊन एक अर्धा आडवा सरकवतात.

पायरी १: पेटीला हात लावण्याआधी वाळू बघा

चिमूटभर वाळू काळ्या कागदावर पसरा आणि दहापट भिंग लावा. कडा झिजलेल्या आहेत की धारदार? नदीची वाळू बहुधा झिजलेली असते. आपल्याकडे सध्या सगळीकडे चालते ती बेसाल्टची क्रश सँड टोकदार असते, शिवाय तिच्यात चपटे कणही दिसतात. चमचमणारे पापुद्रे म्हणजे अभ्रक. ते वाळू सैल आणि दबणारी करतं. समुद्रकाठची वाळू असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. फसफसली तर शिंपल्यांचा चुरा आहे, आणि त्याचं महत्त्व पायरी ६ मध्ये कळेल.

आकाराचा परिणाम किती, याचा एक सोपा अंदाज चो, डॉड्स आणि सांतामारिना यांनी २००६ मध्ये दिला: अंतिम फाय (पुरेसं कापल्यावर शेवटी स्थिरावणारा) म्हणजे ४२ वजा १७ गुणिले गोलाई. गोलाई शून्य ते एक अशी मोजतात. गोलाई ०.२ असलेल्या टोकदार वाळूला जवळपास ३८.६ अंश, आणि ०.८ असलेल्या गुळगुळीत वाळूला २८.४. दहा अंशांचा फरक केवळ आकाराने पडतो.

पृष्ठभागाच्या घर्षणाचं मात्र आपल्याला वाटतं तसं नाही. स्किनरने १९६९ मध्ये काचेचे मणी कोरडे आणि पाण्यात बुडवून तपासले. पाण्यामुळे मण्या-मण्यातलं घर्षण कित्येक पटींनी वाढलं, तरी ढिगाचा अंतिम फाय जवळपास तिथेच राहिला. कारण घर्षण वाढलं की कण घसरायचे थांबतात आणि गडगडायला लागतात, आणि गडगडण्याला घर्षण अडवत नाही. कंड्ल आणि स्ट्रॅक यांच्या १९७९ च्या पद्धतीने संगणकावर गोल कणांची चाचणी चालवणाऱ्यांनाही हेच दिसतं. घर्षणांक शून्यापासून वाढवला की फाय आधी झपाट्याने वाढतो आणि ०.५ च्या आसपास जवळजवळ सपाट होतो. त्यामुळे एम.टेक.च्या प्रोजेक्टमध्ये प्रयोगाशी निकाल जुळत नाही म्हणून घर्षणांक ०.९ वर नेऊन ठेवण्यात अर्थ नाही. तिथे कणाचा आकार किंवा गडगडण्याला होणारा विरोध बदलावा लागतो.

पायरी २: वाळूची दोन टोकं काढा

कोणती घनता ‘सुटी’ आणि कोणती ‘ठासलेली’, हे प्रत्येक वाळूचं वेगळं असतं. त्यासाठी आयएस २७२० या भारतीय मानकाच्या भाग १४ प्रमाणे किमान आणि कमाल कोरडी घनता काढा. किमानसाठी वाळू नरसाळ्यातून अलगद सोडतात, कमालसाठी कंपनाच्या टेबलावर वजन ठेवून हलवतात.

पुढच्या हिशोबासाठी एक नमुना वाळू धरू: किमान १.४०, कमाल १.७० ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, विशिष्ट गुरुत्व २.६५. ही १.४५ ला भरली तर सापेक्ष घनता (सर्वांत सुटी शून्य, सर्वांत ठासलेली शंभर) येते सुमारे २० टक्के, आणि १.६५ ला भरली तर सुमारे ८६ टक्के. ०.२० च्या फरकात वाळू एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाते. भरणीच्या कामावर ‘रोलर फिरवला, पाणी मारलं, झालं’ असं म्हणतात तेव्हा नेमकं हेच हातातून निसटतं.

पायरी ३: पेटी भरणं

चाचणी बिघडते ती बहुतेक इथेच. नमुना ६० × ६० × २५ मिलिमीटरचा, म्हणजे ९० घनसेंटिमीटरचा. सुट्या नमुन्याला १३०.५ ग्रॅम वाळू लागेल, ठासलेल्याला १४८.५. तेवढीच मोजून घ्या आणि ती नेमकी २५ मिलिमीटर उंचीत बसवा. उलट क्रमाने, म्हणजे आधी भरून मग उरलेलं वजन करून घनता काढली, तर दर नमुन्याला वेगळी घनता निघते आणि तीन बिंदूंची रेषा तीन वेगळ्या वाळूंची होते. मोठे कण आधी ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीवर काढून टाका. या पेटीसाठी आयएस २७२० च्या भाग १३ ची मर्यादा तेवढीच आहे.

सुट्या नमुन्यासाठी नरसाळ्याचं टोक तळाला टेकवून हळूहळू वर उचला, वाळूला उंचावरून पडू देऊ नका. ठासलेल्यासाठी तीन थर करा, प्रत्येक थरात ४९.५ ग्रॅम, आणि लाकडी ठोकणीने ठरलेल्या उंचीपर्यंत बसवा. थर बदलताना वरचा पृष्ठभाग थोडा खरवडा. सुट्या नमुन्याची पेटी टेबलावर आपटली तर तो सुटा राहिलेला नसतो, पुन्हा भरा.

खाचांच्या प्लेटा शियरच्या दिशेला आडव्या बसवा. वरची टोपी सपाट आहे ना, ते पाहा. मशीन सुरू करण्याआधी दोन्ही अर्ध्यांना जोडणाऱ्या पिना काढा, आणि उचलस्क्रूने वरचा अर्धा किंचित वर करून मग स्क्रू सोडवा. पिना तशाच राहिल्या तर प्रूव्हिंग रिंग (आडवं बल मोजणारी कडी) सरळ वर पळते आणि वाळूऐवजी पितळेची ताकद मोजली जाते.

पायरी ४: उभा दाब

बहुतेक ठिकाणी सवयीने ५०, १००, २०० किलोपास्कल लावतात. वाईट नाही, पण आधी साइटवर किती दाब येणार ते बघा. भरणीत तीन मीटर खोलीवर, १७ किलोन्यूटन प्रति घनमीटर वजनाने, सुमारे ५० किलोपास्कल होतात. चार मीटरच्या भिंतीमागच्या वाळूचा फाय ४०० किलोपास्कलवर काढून उपयोग नाही.

पेटीचं क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटिमीटर, म्हणून ५० किलोपास्कलला १८० न्यूटन, म्हणजे साधारण १८.३ किलो. तरफ एकास पाचची असेल तर हँगरवर ३.६७ किलो. १०० ला ७.३ आणि २०० ला १४.७ किलो. टोपी आणि जोखडाचं वजन यातून वजा करायला विसरू नका. ५० किलोपास्कलवर ती चूक चांगलीच दिसते.

पायरी ५: चालवा, आणि उभा डायलही वाचा

वेग मिनिटाला ०.२ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. कोरड्या वाळूत पाण्याचा प्रश्न नसतो, पण शिखर नीट पकडायला सावकाश गेलेलं बरं. आडवा डायल (सरकणं मोजणारा), उभा डायल (नमुन्याची उंची किती बदलली ते मोजणारा) आणि प्रूव्हिंग रिंग, तिन्ही वाचनं एकाच क्षणाची घ्या. पहिल्या दोन मिलिमीटरपर्यंत दर ०.१ ला, पुढे दर ०.५ ला. शिखर आलं म्हणून मशीन बंद करू नका. आठ-दहा मिलिमीटरपर्यंत चालू द्या, नाहीतर अर्धी माहिती पेटीतच राहते.

उभा डायल अनेक जण लावतात आणि कॉलम रिकामा सोडतात. खरी गोष्ट तिथेच आहे. सुट्या वाळूत तो खाली जातो, म्हणजे नमुना दबतो, आणि शियर हळूहळू चढून सपाट होतो. ठासलेल्या वाळूत तो आधी अगदी थोडा खाली जातो, मग वर चढायला लागतो, आणि तो सर्वांत वेगाने चढत असतो त्याच सुमाराला शियरचं शिखर येतं. अंड्यांचे दोन ट्रे एकात एक बसलेले असताना वरचा सरकवायचा तर आधी तो उचलावा लागतो, तसं हे आहे. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८५ मध्ये हे फुगणं दाखवलं, आणि कासाग्रांदेने १९३६ मध्ये म्हटलं की सुटी असो की ठासलेली, पुरेसं कापल्यावर दोन्ही एकाच पोकळी-प्रमाणाला (पोकळी भागिले कणांचं घनफळ) पोचतात. त्या शेवटच्या अवस्थेतला फाय म्हणजे अंतिम फाय.

आता ठासलेल्या नमुन्याचं उदाहरण घेऊ. शियरचे आकडे किलोपास्कलमध्ये, समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण अशा वाळूत साधारण असेच दिसतात.

उभा दाब ५० किलोपास्कल: शिखर ५०, शेवट ३३
उभा दाब १०० किलोपास्कल: शिखर ९१, शेवट ६५
उभा दाब २०० किलोपास्कल: शिखर १७०, शेवट १३०

शिखराच्या प्रत्येक बिंदूचा फाय शून्यापासून वेगवेगळा काढा: ४५, ४२.३ आणि ४०.४ अंश. दाब चौपट झाला आणि फाय साडेचार अंशांनी उतरला. शेवटच्या बिंदूंचा मात्र तिन्ही वेळा ३३ च्या आसपासच.

आता हेच तीन शिखरबिंदू एक्सेलमध्ये टाकून सरळ रेषा बसवा. उत्तर येतं फाय ३८.६ अंश आणि कोहीजन (दाब नसतानाही असलेली चिकटून राहण्याची ताकद, ‘सी’) १०.५ किलोपास्कल. कोरड्या, स्वच्छ वाळूला कोहीजन कुठून आलं? आलेलं नाही. ताकदीची रेषा मुळात वाकडी आहे, तिच्यावर सरळ पट्टी ठेवली की ती डावीकडे शून्याच्या वर कापते. हे १०.५ रिपोर्टात ‘सी’ म्हणून गेलं, की कोणीतरी त्यावर उभा खड्डा बिनआधाराचा ठेवतो. म्हणून स्वच्छ वाळूची रेषा शून्यातून न्या किंवा फाय दाबानुसार वेगळा द्या. रिपोर्टात ओळ अशी असावी: ‘कोरडी घनता १.६५, सापेक्ष घनता ८६ टक्के, १०० किलोपास्कलला शिखर ४२, अंतिम ३३, नमुना कोरडा’.

नमुना सरकतो तसं क्षेत्रफळ कमी होतं. सहा मिलिमीटरला दहा टक्के. पण शियर आणि उभा दाब दोन्हींचं क्षेत्रफळ एकच असल्यामुळे त्यांच्या गुणोत्तरावर परिणाम होत नाही. फायसाठी दोन बलांचं गुणोत्तर सरळ घेतलं तरी चालतं.

पुढचा हिशोब मला या चाचणीतला सर्वांत आवडता वाटतो. टेलरने १९४८ मध्ये तो मांडला. १०० किलोपास्कलच्या शिखराजवळ आडवा डायल ०.५० मिलिमीटर सरकला त्यात उभा ०.१३ वर चढला असं धरा. भागाकार ०.२६. शिखराचं गुणोत्तर ०.९१, त्यातून ०.२६ वजा केले की उरतं ०.६५, आणि त्याचा कोन ३३ अंश. म्हणजे शिखरातला जास्तीचा भाग जवळपास सगळा वर उचलण्यात गेलेला होता. तुमच्या वाचनात ही वजाबाकी अंतिम फायजवळ येत नसेल तर उभा डायल अडकला आहे, टोपी तिरकी झाली आहे किंवा पेटीचे अर्धे एकमेकांना घासत आहेत.

अंतिम फायची पडताळणी मशीनशिवायही होते. सुटी, कोरडी वाळू एका ट्रेमध्ये अलगद ओता, ढिगाचा पायथा चमच्याने काढत जा, आणि वरून घसरून बसलेल्या उताराचा कोन मोजा. तो अंतिम फायच्या बराच जवळ असतो. फक्त वाळू खरंच कोरडी हवी. थोडा दमटपणा असला तरी उतार खोटा उभा राहतो.

पायरी ६: दाब वाढला की शिखर का उतरतं

फुगायला कणांना एकमेकांवरून चढावं लागतं. दाब वाढला की चढणं महाग पडतं. कोपरे तुटतात, कण चिरडतात, आणि वाळू कमी फुगते. माल्कम बोल्टनने १९८६ मध्ये याला वापरता येईल असं सूत्र दिलं. एक निर्देशांक काढा: सापेक्ष घनता गुणिले (१० वजा सरासरी प्रभावी दाबाचा नैसर्गिक लॉग), वजा १. प्रभावी दाब म्हणजे पाण्याचा दाब वजा जाता कणांवर येणारा दाब. तो किलोपास्कलमध्ये आणि घनता अपूर्णांकात घ्यायची. निर्देशांक शून्य ते चार यांत ठेवायचा. ट्रायअॅक्झियलसाठी (उभ्या दंडगोल नमुन्याला सगळीकडून दाबून करायची चाचणी) त्याच्या तिप्पट अंश, आणि लांबलचक भिंतीसारख्या प्लेन स्ट्रेन स्थितीसाठी पाचपट अंश अंतिम फायमध्ये मिळवायचे.

आपली ८६ टक्क्यांची वाळू १०० किलोपास्कलला: निर्देशांक ३.६४, म्हणजे ट्रायअॅक्झियलमध्ये ३३ वर सुमारे ११ अंश. हीच १००० किलोपास्कलला नेली की निर्देशांक १.६६ आणि जोड फक्त ५ अंश. आणि २० टक्क्यांची सुटी वाळू १०० किलोपास्कललाच घेतली तरी निर्देशांक ०.०८, जोड नाहीच. ट्रायअॅक्झियल आणि प्लेन स्ट्रेन यांतला तीन-पाचचा फरकही विसरू नका. ट्रायअॅक्झियलमध्ये नमुना सगळ्या बाजूंना फुगू शकतो. लांब भिंतीमागची वाळू भिंतीच्या लांबीच्या दिशेने अडलेली असते.

हे सूत्र क्वार्ट्झ वाळूवर उभं आहे. शिंपल्याच्या चुऱ्याची वाळू फार कमी दाबाला चिरडते. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर नॉर्थ रँकिन प्लॅटफॉर्मचे पाइल १९८० च्या दशकात ठोकताना अशा वाळूने अपेक्षेपेक्षा खूपच कमी विरोध केला, आणि त्यावर पुढे बरंच संशोधन झालं. मुंबई हायच्या परिसरातही कार्बोनेटयुक्त थर आहेत. म्हणून आम्लाच्या थेंबाला फसफसणारी वाळू असेल तर हे सूत्र बाजूला ठेवा आणि खऱ्या दाबाला चाचणी करा.

पायरी ७: भिंतीला आणि पायाला कोणता फाय

चार मीटर उंच रिटेनिंग वॉल, मागे आपलीच ठासलेली वाळू, वजन १७ किलोन्यूटन प्रति घनमीटर. रँकिनच्या सक्रिय दाबाने (भिंत किंचित पुढे सरकल्यावर येणारा दाब) ४२.३ अंश घेतले तर गुणांक ०.१९५ आणि जोर मीटरला २६.५ किलोन्यूटन. ३३ अंश घेतले तर ०.२९५ आणि ४० किलोन्यूटन. दीडपट. आणि भिंत हलायलाच जागा नसेल, म्हणजे बेसमेंटची असेल, तर याकीचा स्थिर गुणांक, एक वजा साइन फाय, ३३ ला ०.४५५ देतो आणि जोर ६२ किलोन्यूटन होतो.

माझं मत सरळ आहे: भरणीच्या वाळूला अंतिम फाय घ्या. शिखर मिळतं ते थोड्याच सरकण्यापुरतं. भिंतीमागच्या एका पट्ट्यात ते गाठलं जातं तेव्हा दुसरीकडे ते मागे पडलेलं असतं. शिवाय ठेकेदार शेवटचा थर ८६ टक्क्यांना बसवेल याची हमी कोण देणार? शिखराचा काही भाग घ्यायचाच असेल तर घनतेची तपासणी प्रत्येक थराला झाली पाहिजे.

पायाच्या बाबतीत चूक आणखी झपाट्याने वाढते. पायाच्या वहनक्षमतेच्या आयएस ६४०३ मधला गॅमाचा गुणांक (वाळूच्या वजनामुळे मिळणारी क्षमता ठरवणारा) ३० अंशांना २२.४०, ३५ ला ४८.०३ आणि ४० ला १०९.४१ आहे. पाच अंश वाढवले की गुणांक दुप्पट. त्यातही मोठ्या फुटिंगखाली दाब जास्त, म्हणून फाय कमी. छोट्या पेटीत ५० किलोपास्कलला मिळालेले ४५ अंश तिथे लावले तर उत्तर फुगतं.

पायरी ८: पाणी आलं की

पाणी वाळूला निसरडी करतं ही समजूत सोडा. निचरा होत असेल तर भिजलेल्या वाळूचा फाय फारतर एक-दोन अंशांनी बदलतो. बदलतो तो दाब. पाण्याची पातळी वर आली की प्रभावी दाब जवळपास अर्धा होतो, आणि ताकदही तेवढीच उतरते.

निचऱ्याला वेळच मिळाला नाही तर प्रकरण वेगळं. उभ्या डायलवर जी सुटी वाळू खाली जात होती, तिला भूकंपात दबायचं असतं पण पाणी जाऊ देत नाही, म्हणून पाण्याचा दाब चढतो आणि प्रभावी दाब शून्याकडे जातो. फाय ३३ च असतो, पण त्याला गुणायला काही उरत नाही. १६ जून १९६४ ला जपानच्या निगाता शहरात कावागिशी-चो वसाहतीतल्या इमारती न मोडता आडव्या झाल्या त्या अशाच. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात कच्छच्या रणात जमिनीतून वाळू-पाणी उफाळलं आणि चांगसारखी मातीची धरणं पायातूनच ढासळली.

शेवटचा मुद्दा साइटवरच्या एसपीटीचा, म्हणजे बोअरमध्ये नळी हातोड्याने ठोकून करायच्या चाचणीचा. तिचा एन (ठोक्यांची संख्या) हा आकडाही घनतेसोबत दाबावर चालतो, म्हणून आयएस २१३१ मध्ये दाबाची दुरुस्ती आहे. ५० किलोपास्कलच्या खोलीवर मिळालेले १५ ठोके १.२३ ने गुणून साडेअठरा होतात. २०० किलोपास्कलवरचे १५ ठोके ०.७७ ने गुणून साडेअकरा. ही दुरुस्ती न करता ‘खालीवर सारखीच वाळू’ असं लिहू नका. आणि पाण्याखालची बारीक किंवा गाळमिश्रित वाळू असेल तर दुसरी दुरुस्ती लागते: ठोक्याच्या धक्क्याने ठासलेली वाळू फुगू पाहते, पाणी लगेच आत येत नाही, कणांवर क्षणिक ओढ बसते आणि एन खोटा वाढतो. १५ च्या वरचा भाग तिथे निम्मा करतात. दाबाच्या दुरुस्तीनंतर २७ आले असतील, तर २१ धरा.